आठशे तास पूर्ण, तरी पस्तीस कमी

एप्रिल २०२४, मंगळवार, रात्री साडेदहा. मावसबहिणीचा फोन. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही म्हणून मी लगेच उचलला, तर पलीकडून पहिलंच वाक्य, "ताई, माझे तास कापले गं." मला आधी वाटलं नोकरीवरचे तास कमी केले की काय, मग लक्षात आलं की हिला अजून नोकरी कुठेय, ही तर इंटर्न, म्हणजे हे क्रेडेन्शियलचे, शाळेत काउन्सेलर व्हायच्या परवान्याचे तास.

झालं असं होतं की तिने स्वतःच्या हिशोबाने ८५२ तास भरले होते, लागतात ८००, म्हणजे वर ५२ तास शिल्लक, आणि ती निवांत होती. युनिव्हर्सिटीच्या फील्डवर्क ऑफिसने लॉग तपासला आणि ४७ तास बाद केले. उरले ८०५. आता ८०५ म्हणजे ८०० पेक्षा जास्तच की, मग रडतेस कशाला, असं मी विचारलं आणि मग तिने दुसरा आकडा सांगितला. हायस्कूलचे ६४०, मिडल स्कूलचे १६५. तिथे मला पण जरा धस्स झालं, कारण मिडल स्कूलचे किमान २०० पाहिजेत.

थोडं मागे जाऊन सांगते. मी कॅलिफोर्नियात एका पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलमध्ये स्कूल काउन्सेलर आहे, दरवर्षी एखादी इंटर्न माझ्याकडे असतेच. बहीण माझ्याकडे इंटर्न नव्हती, नात्यातल्या माणसाच्या तासांवर सही करणं मला पटत नाही, त्यामुळे तिच्या ह्या तीन वर्षांत माझं काम फक्त फोनवरची ताई एवढंच. हे सगळं लिहायला तिने हो म्हटलंय, मुलांचे तपशील मात्र मी मुद्दाम बदललेत. लिहितेय अशासाठी की पहिल्यांदा ह्या वाटेला लागलेली माणसं परीक्षा आणि फी ह्यांच्याच काळजीत असतात, आणि प्रत्यक्षात गाडी अडते ती भलतीकडेच.

तर ती. महाराष्ट्रात अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. इथे आल्यावर ग्रीन कार्ड होईपर्यंत घरी, आणि मग ठरवलं की परत शाळेतच जायचं पण वर्गात नाही, काउन्सेलरच्या खोलीत. तिला वाटायचं की अकरा वर्षांचा अनुभव कुठेतरी धरतीलच. नाही धरत. कॅलिफोर्नियात स्कूल काउन्सेलरला जे लागतं त्याचं नाव प्युपिल पर्सोनेल सर्व्हिसेस क्रेडेन्शियल, सगळे पीपीएसच म्हणतात, आणि ते देतं सॅक्रामेंटोचं कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग, म्हणजे सीटीसी. त्यासाठी आधी शिक्षिकेचं क्रेडेन्शियल लागत नाही ही चांगली गोष्ट, आणि शिक्षिका म्हणून केलेलं काम तासांत धरत नाहीत ही तिच्या दृष्टीने वाईट. लागतं काय तर मान्य प्रोग्रॅममधून किमान ४८ सेमिस्टर युनिट्सचं पोस्ट ग्रॅज्युएट शिक्षण, १०० तासांचं प्रॅक्टिकम, मग ८०० तास फील्डवर्क. त्या ८०० पैकी किमान ६०० पब्लिक स्कूलमध्ये, आणि एलिमेंटरी, मिडल, हायस्कूल ह्या तीनपैकी निदान दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी कमीत कमी २००. हे शेवटचं वाक्य हँडबुकमध्ये असतं, सगळे वाचतात आणि सगळे विसरतात.

अजून एक गोंधळ पहिल्याच महिन्यात निस्तरावा लागला. ती सगळ्यांना सांगत सुटली होती की मी थेरपिस्ट होणार. अगं बाई, नाही. थेरपीचं लायसन्स वेगळं, ते बोर्ड ऑफ बिहेव्हियरल सायन्सेस देतं, आणि एलपीसीसीला, म्हणजे लायसन्स्ड क्लिनिकल काउन्सेलरला, डिग्रीनंतर ३००० तास सुपरव्हाइज्ड काम करावं लागतं. स्कूल सायकॉलॉजिस्ट अजून वेगळा, त्याचं नावही पीपीएसच पण फील्डवर्क १२०० तासांचं. आपलं क्रेडेन्शियल शाळेपुरतं, त्याच्या जोरावर बाहेर पाटी लावून बसता येत नाही. आणि हे सगळं कॅलिफोर्नियाचं बरं का, दुसऱ्या राज्यात दुसरे नियम, कित्येक राज्यांत प्रॅक्सिस नावाच्या परीक्षेचा स्कूल काउन्सेलरचा पेपर द्यावा लागतो, आमच्याकडे तो नाही. तिने त्याची गाइड विकत घेऊन अर्धी वाचून झाल्यावर मला विचारलं.

कागदांचा भाग मी पटकन उरकते, नाहीतर ह्यातच दहा पानं जातील. तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी दाखवली तर परदेशी डिग्र्या तपासणारे काही इव्हॅल्युएशनवाले तिला इथल्या चार वर्षांच्या डिग्रीच्या बरोबरीची धरत नाहीत, एम.एस्सी. जोडल्यावर तिचं जमलं. पण त्यासाठी तिकडच्या युनिव्हर्सिटीकडून सीलबंद मार्कलिस्ट मागवल्या, चार महिन्यांनी पाकीट आलं, आणि हिने हौसेने फोडून बघितलं की सगळं नीट आहे ना. फोडलेलं पाकीट घेत नाहीत. परत चार महिने. ह्या विषयावर घरात आजही कोणी बोलत नाही.

मग सीबेस्ट, म्हणजे राज्याची बेसिक स्किल्सची परीक्षा. २०२१ मध्ये ती परीक्षा, किंवा तिच्या बदल्यात चालणारं काहीतरी, लागायचंच. वाचन, गणित, लेखन असे तीन भाग, स्कोअर २० ते ८० मध्ये, प्रत्येकी ४१ ला पास, म्हणजे एकूण १२३. एखाद्या भागात ४१ च्या खाली आलात तरी एकूण १२३ भरत असेल तर चालतं, फक्त ३७ च्या खाली जायचं नाही. हिला गणितात ७७, वाचनात ४३, आणि लेखनात ३५. एकूण १५५ आणि नापास! अकरा वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेली बाई, तिच्या आयुष्यातला हा पहिला नापास. तिचे ते दोन निबंध कशाने पडले हे मला तिचे सरावाचे निबंध वाचून कळलं, प्रत्येक निबंध सुविचाराने सुरू, मग विषयाचं महत्त्व, मग तरुण पिढीची जबाबदारी, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या चार ओळींत घाईघाईने. पुढच्या वेळी उत्तर पहिल्या परिच्छेदात आणलं आणि ४२ मिळाले, एवढंच. आणि गंमत म्हणजे तिचं क्रेडेन्शियल हातात यायच्या सुमारास, २०२४ च्या उन्हाळ्यात, राज्याने नियमच बदलला, बॅचलर्स डिग्री असेल तर ही अट पूर्ण झाली असं आता धरतात. तिला हे सांगणारी मीच, आणि ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे. ह्यात बरीच जणं फसतात म्हणून नीट सांगते. शाळेत मुलांजवळ जायच्या आधी सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स लागतं, त्याचे सीटीसीला ५० डॉलर आणि ठसे घेणाऱ्याचे वेगळे. ते ठसे सीटीसीसाठी. शाळेचं डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था, स्वतःसाठी वेगळे घेतं, आणि एका ऑफिससाठी दिलेल्या ठशांचा रिपोर्ट दुसऱ्याला मिळत नाही. बहिणीचं हायस्कूल एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि मिडल स्कूल दुसऱ्यात, त्यामुळे तीनदा ठसे, तीनदा पैसे, आणि दुसऱ्या डिस्ट्रिक्टचं क्लिअरन्स येईपर्यंत मिडल स्कूलचं काम तीन आठवडे उशिरा सुरू. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, पुढे येणारेत.

आता प्रॅक्टिकम, आणि इथे ती खरी बदलली असं मला वाटतं. प्रॅक्टिकममध्ये सेशन्स रेकॉर्ड करायची असतात, आधी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर आणि मग परवानगी घेऊन खऱ्या विद्यार्थ्याबरोबर, आणि मग प्रोफेसर ते ऐकतात. तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगवर प्रोफेसरांनी काही शेरा मारला नाही, फक्त सांगितलं की घड्याळ लावून बस आणि तू किती वेळ बोललीस ते मोज. वीस मिनिटांचं सेशन. तिने फोनवर मला आकडा सांगितला, सतरा मिनिटं ती स्वतः. समोरच्या मुलीच्या वाट्याला तीन. आणि त्या तीन मिनिटांतली बरीचशी "हो" आणि "बरोबर आहे मॅडम" टाइप उत्तरं. ती म्हणाली, "ताई, मी तिला सगळं सांगितलं गं, टाइमटेबल कसं करायचं, मोबाइल कुठे ठेवायचा, झोप किती." मी विचारलं तिला नेमकं काय होत होतं. तर म्हणे ते विचारायचं राहिलं.

चांगल्या शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. वर्गात शांतता पडली की शिक्षकाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि तो लगेच बोलून ती जागा भरतो. काउन्सेलरच्या खोलीत मुलगा गप्प बसला तर बहुतेक वेळा तो काहीतरी बाहेर काढायच्या बेतात असतो, आणि तुम्ही तोंड उघडलंत की ते आत जातं. तिने स्वतःपुरता उपाय काढला, टेबलाखाली बोटांवर दहापर्यंत मोजायचं. सुरुवातीला चारच्या पुढे जायची नाही. सहावं रेकॉर्डिंग आलं तेव्हा ती वीसपैकी आठ मिनिटं बोलली होती, आणि त्यात एक जागा अशी की बावीस सेकंद कोणीच बोलत नाही आणि मग तो मुलगा म्हणतो, "मला खरं तर हा विषय आवडतच नाही, दादाला आवडायचा." हे वाक्य तिने मला तीनदा वाचून दाखवलं.

फील्डवर्क सुरू झालं हायस्कूलमध्ये. तिथे ती रमलीच, कारण हायस्कूल काउन्सेलरचं निम्मं काम म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाच्या सगळ्या वर्षांच्या ग्रेड्सचा कागद, आणि ट्रान्सक्रिप्ट म्हणजे हिशोब. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅल स्टेट ह्या राज्याच्या युनिव्हर्सिट्यांत जायचं तर ए टू जी नावाची पंधरा वर्षभराच्या कोर्सेसची यादी पूर्ण पाहिजे, इंग्लिश चार वर्षं, गणित तीन, आणि सगळीकडे सी किंवा त्याच्या वर ग्रेड. नोव्हेंबरमध्ये एका बारावीच्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये हिला नववीतल्या अल्जेब्रा वनच्या पहिल्या सेमिस्टरला डी दिसली. अर्जाची मुदत महिनाअखेर. हिने त्याला बोलावून घेतलं, हा कोर्स परत करावा लागेल, ऑनलाइन बघ, घरी सांग, मुलगा पांढराफटक. सुपरवायझर बाजूच्या टेबलावरून उठल्या, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या खाली बघ. अकरावीला अल्जेब्रा टू, दोन्ही सेमिस्टर बी. वरच्या लेव्हलच्या गणितात सी किंवा जास्त असेल तर खालच्या अल्जेब्राची डी भरून निघते, तो नियमच आहे, परदेशी भाषेतही तसंच, लेव्हल टू पास तर लेव्हल वनचं निभावतं. मुलगा सुटला. बहीण नाही, ती त्या रात्री यूसीचे सगळे व्हॅलिडेशनचे नियम छापून घेऊन बसली, आणि आज त्या बाबतीत मी तिला फोन करते. पण मला त्यात दुसरं काहीतरी दिसलं. तिने ट्रान्सक्रिप्टमधली चूक शोधली, जशी पेपरातली शोधतात, पूर्ण पान वाचलंच नाही. सुपरवायझर पहिल्यांदा पूर्ण पान वाचायच्या आणि मग मुलाला बोलवायच्या.

मिडल स्कूल तिला आवडत नव्हतं, स्पष्टच सांगते. आठवड्यातून दोन दिवस, सुपरवायझर दोन शाळांत वाटलेले म्हणून ते पण तेवढेच दिवस तिथे, बसायला धड जागा नाही, मुलं अकरा ते तेरा वर्षांची, रडली तर का रडली ते त्यांनाच माहीत नसतं आणि ट्रान्सक्रिप्ट नावाचा काही आधारच नाही. पण तिच्या सगळ्या इंटर्नशिपमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस तिथलाच.

बारा वर्षांची एक मुलगी दारात उभी राहिली आणि म्हणाली, एक सांगायचंय पण कोणाला सांगणार नाही असं प्रॉमिस करा. आणि माझी बहीण, अकरा वर्षांची सवय, लगेच म्हणाली प्रॉमिस, आपल्या दोघींतच राहील.

मुलीने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच की ते ऐकल्यावर गप्प बसणं कायद्याने शक्य नव्हतं. कॅलिफोर्नियात शाळेत काउन्सेलिंग करणारा माणूस मँडेटेड रिपोर्टर असतो, इंटर्नसुद्धा ह्यातून सुटत नाही, आणि मुलावर अत्याचार होत असल्याची रास्त शंका आली की फोन ताबडतोब आणि लेखी रिपोर्ट ३६ तासांत. आणि ही जबाबदारी ज्याने ऐकलं त्याची स्वतःची, प्रिन्सिपलना सांगितलं आणि हात झटकले असं चालत नाही. बारा किंवा त्याहून मोठ्या मुलाने काउन्सेलिंगमध्ये सांगितलेलं खाजगी ठेवायचं असं एज्युकेशन कोडमध्येच आहे, पण त्याला जे अपवाद आहेत त्यातला हा. हे सगळं तिला पाठ होतं, परीक्षेत लिहून आली होती. पाठ असणं आणि त्या क्षणी आठवणं ह्यात बराच फरक.

सुपरवायझर नेमके त्या दिवशी होते. ते तिच्या शेजारी बसले, फोन मात्र तिलाच लावायला सांगितला. त्याच्या आधी तिला त्या मुलीकडे परत जाऊन सांगावं लागलं की मी तुला जे प्रॉमिस दिलं ते मला देताच येणार नव्हतं, आणि चूक माझी आहे. ती म्हणते, फोन सोपा होता ताई, हे अवघड होतं. मुलगी काही दिवस तिच्याकडे बघायची पण नाही. नंतर एक दिवस येऊन बसली आणि नुसती चित्र काढत बसली, मधली सुट्टी संपेपर्यंत. तो अर्धा तास लॉगमध्ये ०.५ म्हणून नोंदलाय, मी बघितलाय.

तेव्हापासून तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. कोणीही खोलीत आलं की बसायच्या आधी सांगते, तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला करणार असशील किंवा दुसऱ्या कोणाला, तर मला मदत बोलवावी लागते. मी तिला म्हटलं हे जरा पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं, तर म्हणाली वाटू दे.

आता परत त्या एप्रिलच्या रात्रीवर. ४७ तास का कापले? मी तिला एक्सेल पाठवायला सांगितलं, दोघी व्हिडिओ कॉलवर बसलो. अकरा तास एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गाडी चालवायचे. ते तिने पहिल्या महिन्यापासून मोजले होते, कारण कामासाठीच जातेय ना! बाकीचे ३६ जास्त वाईट. प्रॅक्टिकमचे काही तास तिने त्याच मिडल स्कूलमध्ये केले होते, ते १०० मध्ये एकदा मोजून झाले होते आणि मग फील्डवर्कच्या शीटमध्ये परत आले, तारखा तशाच्या तशा. तिने मुद्दाम केलं नव्हतं, दोन वेगळ्या फाइल्स, एका फाइलमधून ओळी उचलून दुसरीत टाकल्या, आणि एकूण बेरीज ८०० च्या वर दिसत होती म्हणून कोणी उलगडून बघितलं नाही. खरं सांगू का, तपासणाऱ्या बाईंनी तारखा जुळवून बघितल्या हे तिचं नशीब, नाहीतर हे पुढे निघालं असतं तर निष्काळजीपणा म्हणून नाही, खोटेपणा म्हणून निघालं असतं.

आणि ते तीन आठवडे, तिसऱ्या ठशांचे. दोन दिवस आठवड्याला, सहा तास दिवसाला, तीन आठवडे म्हणजे ३६ तास. ते वेळेत मिळाले असते तर सगळे तास कापून पण २०१ भरले असते. हा हिशोब तिने रात्री बारा वाजता स्वतःच करून मला सांगितला. गणिताची बाई.

माझी पहिली प्रतिक्रिया होती की हायस्कूलचे ४४० तास जास्तीचे आहेत, कोणीतरी ॲडजस्ट करेल. कोणी करत नाही, आणि नीट विचार केला तर करू पण नये. क्रेडेन्शियल बारावीपर्यंतच्या सगळ्या वयाच्या मुलांसाठी मिळतं, त्याच्यावर उद्या हिला सहावीच्या मुलांपुढे उभं करतील आणि हिने हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्ट्स सोडून काही बघितलेलं नसेल तर ती मुलं काय करणार. तर पस्तीस तास.

पस्तीस म्हणजे आठवडाभराचं काम वाटतं. पण सुपरवायझर आठवड्यातून दोनच दिवस त्या शाळेत, त्यांच्या सहीशिवाय तास नाही, त्यात एप्रिल-मे म्हणजे राज्याच्या परीक्षांचे दिवस, मुलांना वर्गाबाहेर काढता येत नाही. तिने सुपरवायझरना सरळ सगळं सांगितलं, कारणं न देता. त्यांनी तिला पाचवीतून सहावीत येणाऱ्या मुलांच्या ओरिएंटेशनचं काम दिलं, जे कोणालाच नको असतं. लॉकरचं कुलूप कसं उघडायचं, तासाला वर्ग बदलायचे म्हणजे काय, जेवायला कोणाबरोबर बसायचं. त्या शेवटच्या प्रश्नावर म्हणे एका तासात सतरा मुलांनी हात वर केले. पहिल्या आठवड्यात बारा तास, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अकरा. मेच्या मध्याला शेवटची सही.

मधल्या काळात नोकरीचं टेन्शन होतंच. इथे डिस्ट्रिक्टना पुढच्या वर्षीच्या कपातीच्या नोटिसा १५ मार्चपर्यंत द्याव्या लागतात, त्यामुळे कोणती जागा खरंच रिकामी आहे ते नंतर कळतं आणि खऱ्या मुलाखती एप्रिल ते जुलैमध्ये होतात. हिला एका डिस्ट्रिक्टने होकार दिला होता, अट एकच, ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत क्रेडेन्शियल. इंटर्न क्रेडेन्शियलवर काम सुरू करायचा एक मार्ग असतो, पण त्याला युनिव्हर्सिटी आणि डिस्ट्रिक्टचा करार लागतो, तो नव्हता. मुलाखतीत त्यांनी विचारलं कागद पूर्ण आहेत का. ती म्हणाली, नाहीत, ३५ तास कमी पडले, कारण मी चुकीचे मोजले, मेमध्ये पूर्ण होतील. मला हे ऐकून वाटलं गेली नोकरी. तिथल्या लीड काउन्सेलरने म्हणे पुढचा प्रश्न विचारला, कुठल्या शाळेचे कमी पडले, आणि मिडल स्कूल म्हटल्यावर हसल्या. तिथली जागा मिडल स्कूलचीच होती.

शेवटचा टप्पा एकदम कोरडा. डिग्री ट्रान्सक्रिप्टवर चढल्याशिवाय युनिव्हर्सिटी सीटीसीकडे शिफारस पाठवत नाही, त्यात जून गेला. मग सीटीसीची ईमेल येते, तुम्ही लॉगिन करून वर्तणुकीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि १०० डॉलर भरायचे, तोपर्यंत तुमचा अर्ज हललेला नसतो. ती ईमेल हिच्या स्पॅममध्ये नऊ दिवस पडून. रोज मला विचारायची, ताई किती दिवस लागतात गं, आणि मी पण आपली सांगतेय की लागतात थोडे. दहाव्या दिवशी भाच्याने शोधून काढली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. क्रेडेन्शियल, क्लिअर म्हणजे पूर्ण, पाच वर्षांसाठी, नंतर फी भरून रिन्यू. ती म्हणाली छापील कागद कधी येतो पोस्टाने? येत नाही. सीटीसीच्या साइटवर नाव टाकून शोधलं की दिसतं, जगात कोणालाही दिसतं, पण फ्रेम करायला काही नाही. तीन वर्षं, ९०० तास, तीनदा ठसे, आणि हातात एक स्क्रीनशॉट. मावशीने तो स्क्रीनशॉटच प्रिंट काढून भिंतीवर लावलाय, वर ब्राउझरचे टॅब दिसतात त्यात एक रेसिपीचा आहे.

अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन म्हणतं एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, २०२३-२४ ला देशाची सरासरी ३७६ होती. बहिणीकडे पहिल्या दिवशी ४३० नावांची यादी आली. पहिल्या आठवड्यात तिने तीच लॉकरची कुलपं उघडून दिली.

तिची ती एक्सेल शीट मी मागून घेतली आणि थोडी बदलून आता माझ्या इंटर्नना पहिल्या दिवशी देते. प्रत्येक शाळेची बेरीज वेगळी, एकूण बेरीज मुद्दाम सगळ्यात खाली आणि बारीक अक्षरात. सहीचा कॉलम आठवड्याचा, महिन्याचा नाही. आणि एक कॉलम बहिणीने स्वतः घातलाय, त्याचं हेडिंग तिने मराठीत ठेवलंय आणि मी ते इंग्लिशमध्ये केलेलं नाही, इंटर्न विचारतात हे काय लिहिलंय म्हणून, मग सांगावं लागतं. लिहिलंय, "हा तास आधी कुठे मोजलाय का?"